डाव्या अंगाचं ऊन

घनसावंगीच्या बसस्थानकासमोर गफूरभाईंचा फोटो स्टुडिओ होता. तिथे फोटो काढायला निघालं की घरी सांगून जावं लागे, जेवायला माझी वाट पाहू नका. पासपोर्ट आकाराचा फोटो म्हणजे दुसरीकडे पाच मिनिटांचं काम. गफूरभाईंकडे त्याला किती वेळ लागेल हे खुद्द गफूरभाईंनाही सांगता येत नसे.

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. बदली होऊन आलो त्याच आठवड्यात कुठल्याशा अर्जाला फोटो हवा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. मी चारला जाऊन स्टुलावर बसलो. गफूरभाईंनी दिवा लावला, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि दिवा बंद केला.

"सर, सकाळी घरी बोलाचाली झाली का?"

"तुम्हाला काय करायचंय? काढा फोटो."

"कपाळाला आठी हाय. हा फोटो धा वर्सं कागदाला चिकटून ऱ्हाईल. धा वर्सं भांडून आल्यावानी दिसाल."

मग त्यांनी चहा मागवला. मग माझं गाव विचारलं, गावाची नदी विचारली, नदीला मासे कोणते ते विचारलं. साडेचार झाले. मी घड्याळ दाखवलं, आवाज चढवला, शेवटी उठून निघालो. मी दारात वळून काहीतरी बोलणार, तेवढ्यात कॅमेरा वाजला. अर्ज पाचला पाच मिनिटं कमी असताना पोचला. तो फोटो मी आजही सगळीकडे लावतो, कारण त्यात मी माझ्यापेक्षा बरा माणूस दिसतो. पण त्या दिवशी जीव टांगणीला लागला होता तो लागलाच होता.

साठीला टेकलेला हा माणूस उंच, किडकिडीत. उभा जन्म कॅमेऱ्याला डोळा लावून गेल्यामुळे बोलतानाही ते डावा डोळा मिटून घेत. नवख्याला वाटायचं, हे डोळा मारतायत. मंठ्याच्या एका लग्नात त्यापायी नवरीच्या मामांनी त्यांची गचांडी धरली होती. गफूरभाईंनी गचांडी धरलेल्या अवस्थेतच त्यांना सांगितलं, "मामा, असेच ऱ्हा, उजेड लई भारी पडून राह्यला तोंडावर."

त्याच लग्नातली दुसरी गोष्ट. घरच्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. सगळी भावकी अंगणात ओळीने उभी राहिली, आणि गफूरभाईंनी नवरदेवाच्या शेजारी बरोबर एका माणसाची जागा मोकळी ठेवली. नवरदेवाचा थोरला भाऊ फौजेत, त्याला रजा मिळाली नव्हती. लोक वैतागले. पहिल्या ओळीत असं पडलेल्या दातासारखं भगदाड कुणाला चालेल? एक म्हातारे तिथे जाऊन उभे राहिले, तर गफूरभाईंनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. चार महिन्यांनी भाऊ रजेवर आला. गफूरभाई पहाटेच्या गाडीने मंठ्याला गेले, त्याला त्याच अंगणात उभा केला, आणि ऊन त्या दिवशीएवढं कलेपर्यंत दीड तास थांबवून ठेवला. मग कॉम्प्युटरवर तो त्या भगदाडात बसवला. मी फोटो डोळ्याजवळ नेऊन पाहिला, उलटा करून पाहिला, मला जोड सापडला नाही.

"सोपं ऱ्हातं सर," ते म्हणाले. "मानूस कुनीबी कापून लावतो. ऊन मिळवावं लागतं. एकाच्या डाव्या गालावर ऊन आन दुसऱ्याच्या उजव्या, तं ते दोघं कधीच एका जागी नव्हते. बगनाऱ्याला कळत न्हाई काय चुकलं, पण मन धरत न्हाई."

हे सगळं ऐकून मी मान डोलावली. माझ्या मानेनेच माझा घात केला.

वडीगोद्रीला सुभद्राआक्का म्हणून एक बाई होत्या, रस्त्याला लागून चांगली बागायत असलेल्या. त्यांचे यजमान किसनराव आदल्या चैत्रात गेले. किसनरावांना समुद्र पाहायचा होता. दर वर्षी कापूस निघाला की म्हणायचे, औंदा समुद्र बगू. मग कधी म्हैस व्यायची, कधी पाहुणे यायचे, कधी विहिरीवरची मोटार जळायची. चाळीस वर्षं दोघांनी समुद्राच्या गोष्टी केल्या आणि पैठणच्या पलीकडे गेले नाहीत. आक्का एक दिवस स्टुडिओत आल्या. दोघांचा मिळून असा एकही फोटो घरात नव्हता. त्यांना वर्षश्राद्धाला भिंतीवर तसा फोटो हवा होता, दोघं समुद्रावर उभे असलेला. "रंगवलेल्या पडद्यावरला न्हाई, गफूरभाऊ. खराखुरा समुद्र लावा. त्यांना कळंल."

गफूरभाईंनी शब्द दिला. आक्कांचा फोटो त्याच दिवशी स्टुडिओत, दिवा डावीकडे लावून, उभा काढला. किसनरावांचा फोटो त्यांच्यापाशी होताच. मुलाच्या हळदीच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात एकटेच उभे होते तेव्हा काढलेला, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. ऊन डावीकडून आलेलं. उरला फक्त समुद्र.

मी त्यांना शाळेच्या कॉम्प्युटरवर एका मिनिटात हजार समुद्र काढून दाखवले. निळे, हिरवे, लाटांचे, नारळांचे.

"हा कुनाचा हाय?"

"कुणाचा म्हणजे? समुद्र आहे."

"काढला कुनी? जो तिथं उभा राह्यला त्याचा हाय तो. किसनराव कामून दुसऱ्याच्या समुद्रावर जातील?"

या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी हात टेकले. मग त्यांनी खिशातून किसनरावांचा फोटो काढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "सर, तुम्ही भूगोलवाले. सकाळी नऊला समुद्राकडं बगितलं तं ऊन डाव्या अंगानं यावं, अशी जागा कुठं मिळंल?"

मला गप्प बसता आलं असतं. पण मास्तरला कुणी प्रश्न विचारला की त्याच्या जिभेला खाज सुटते. मी खडू घेऊन फळ्यावर नकाशा काढला. आपला किनारा पश्चिमेला, म्हणजे सकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन पाठीवर. डावीकडून हवं तर तोंड दक्षिणेला हवं, आणि दक्षिणेला पाणी हवं. "असं एखाद्या बेटावरच मिळेल," मी म्हणालो.

"तुम्ही तं जाऊन राह्यले ना बेटावर," गफूरभाई म्हणाले.

जात होतो खरा. संभाजीनगरच्या काही हौशी फोटोग्राफरांच्या गटात मी दोन वर्षांपासून होतो. निसर्गचित्रणाचं शिबिर कोकणात होतं, किनाऱ्यापासून आत असलेल्या एका ओसाड खडकाळ बेटावर. काळे कडे, वर मोडका बुरूज, झाड नावाला नाही. मी त्या दिवसांची रजा किती आधी टाकली होती आणि कड्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो मनात किती वेळा काढून ठेवला होता, ते माझं मला माहीत. गफूरभाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही. एवढंच माझं पाप.

माघ संपत आला होता. मिनीबस निघायच्या वेळी गफूरभाई आले ते हातात एक उंच बांबू घेऊन.

"हे काय?"

"किसनराव," ते म्हणाले.

किसनरावांना दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायची सवय होती आणि तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळा डाग पडला होता. गफूरभाईंनी त्या डागावरून उंची मोजून तेवढा बांबू कापून आणला होता. तो बांबू मिनीबसमध्ये आडवा मावेना, तिरका ठेवला तर ड्रायव्हरच्या कानाला लागे. कोकणापर्यंत तो माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे उभा होता. गटातली माणसं माझ्याकडे पाहत आणि खिडकीबाहेर बघू लागत.

पहिल्या दिवशी होडी उशिरा सुटली. बेटावर पाय ठेवायला साडेदहा झाले. शिबिराचे मार्गदर्शक पुण्याचे, फार मोठे फोटोग्राफर, बोलणं मोजून मापून. त्यांनी सगळ्यांना पश्चिमेच्या कड्यावर नेलं. गफूरभाई एकटेच उलट दिशेने, दक्षिणेच्या टोकाकडे निघाले. ते कुठे पडतील या भीतीने मीही त्यांच्यामागे गेलो. तिथे कातळाची एक पायरी पाण्यात उतरत होती. त्यांनी बांबू उभा धरला, सावली वितीने मोजली आणि मान हलवली.

"न्हाई. किसनरावांची सावली लांब हाय. ऊन वर चढलं."

"मग आता?"

"उद्या."

"उद्या सगळे किल्ल्यावर जाणार आहेत, गफूरभाई! बेटावर कुणीच येणार नाही."

"बरंच हाय की. गर्दी नको."

मी त्या दिवशी सूर्यास्त तरी साधावा म्हणून कड्यावर थांबलो. पश्चिमेला ढगांची भिंत उभी राहिली आणि सूर्य तिच्यामागे कधी गेला ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशीच्या किल्ल्यावर आता सगळी भिस्त होती. आणि पहाटे साडेपाचला माझ्या खोलीचं दार वाजलं. बाहेर बांबू घेऊन गफूरभाई उभे. त्यांनी होडीवाल्याला रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "सर, तुम्ही ऱ्हाऊ द्या, मी एकला जातो," ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी माझे बूट उचलून माझ्या पुढ्यात ठेवले.

साडेआठला आम्ही त्या पायरीवर होतो. भरती चढायला लागली होती. होडीवाला म्हणाला, साडेनऊच्या पुढे इथे होडी लावता येणार नाही, खडकावर आपटेल. गफूरभाईंनी ट्रायपॉड लावला, पाण्याच्या कडेला बांबू धरून मला उभं केलं, आणि किसनरावांचा फोटो हातात घेऊन एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, बूट काढा."

"का?"

"किसनरावांच्या पायात चपला हैत फोटोत. आक्का तं स्टुडिओत अनवानी उभ्या राह्यल्या, चपला बाहेर काढून आल्त्या. बायको अनवानी आन नवरा चपला घालून पान्यात? गंगेत तरी कुनी चपला घालून उतरतं का? हा तं समुद्र, आपली गंगा जाऊन मिळते तो."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. ती पूर्वेला वाहते आणि पार दुसऱ्या समुद्राला मिळते, हे मी त्यांना तिथेही सांगितलं.

"पान्याला मधी भिताड घातलंय का कुनी?" ते म्हणाले. "काढा जल्दी. पाय तुमचे घेतो, बाकी किसनराव."

त्या कातळाला कालवांचे शिंपले चिकटलेले होते, काठ वस्तऱ्यासारखे. मी बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिल्याच पावलाला उजव्या अंगठ्याजवळ कापलं. मीठपाणी झोंबून डोळ्यात पाणी आलं. मी ओरडलो तर म्हणाले, "हलू नका, सावली हलते." वीस मिनिटं मी तसा उभा होतो. मेलेल्या माणसाच्या उंचीचा बांबू धरून, मेलेल्या माणसाच्या जागी, घोट्यापर्यंत पाण्यात. मधूनच एखादी लाट गुडघ्यापर्यंत यायची. होडीवाला शिट्ट्या मारत होता. गफूरभाई पुन्हापुन्हा येऊन वितीने माझी सावली मोजत होते. मी त्यांना त्या सकाळी जे जे बोललो ते मास्तराच्या तोंडी शोभणारं नव्हतं. त्यांच्या कानावरून ते वाऱ्यासारखं गेलं.

"आता!" लाट ओसरून माझे पाय उघडे पडले तसे ते एकदम म्हणाले, आणि कॅमेरा वाजत राहिला.

परत होडीत चढताना माझा स्वतःचा कॅमेरा लाटेखाली भिजला. दोन दिवसांत मी काढलेला असा एकही फोटो झाला नाही.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या हॉलमध्ये मार्गदर्शकांनी एकेकाचे फोटो पडद्यावर लावले. गफूरभाईंचे बत्तीस निघाले, बत्तीसही सारखे. काळा कातळ, मागे समुद्र, मधे पँट दुमडलेला मी, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, आणि माझ्या डाव्या बाजूला एका माणसाची मोकळी जागा. ती आक्कांची. हॉलमध्ये खसखस पिकली. मार्गदर्शक उठून पडद्यापाशी गेले.

"उजेड उत्तम पकडलाय," ते म्हणाले. "पण रचना फसली. हा मधला माणूस काढून टाका."

"तेच करनार हाय साहेब," गफूरभाई म्हणाले. "खाली पाय तेवढे ठेवतो."

परत आल्यावर मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. पायाची जखम चिघळली, तीन वेळा पट्टी बदलावी लागली. शाळेत, बाजारात, शेअर जीपमध्ये, जो विचारेल त्याला मी ती गोष्ट सांगत होतो आणि गफूरभाईंना नावं ठेवत होतो. अशात वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी आले. काखेत गोधडीत गुंडाळलेली तसबीर.

"चला वडीगोद्रीला. तुम्ही न्हाई आले तं मला दाखवता येनार न्हाई."

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की ते भ्यालेत. जन्मभर लोकांना ताटकळत ठेवणारा माणूस, पण आक्का काय म्हणतील याची त्यांना भीती वाटत होती. फोटो आक्कांच्या मनाने धरला नाही, तर पुढे करायला काहीच नव्हतं. किसनरावांना आता दुसऱ्यांदा कुठे नेणार? मी राग गिळून जीपमध्ये बसलो.

आक्कांच्या घरी उद्याची तयारी चालली होती. गफूरभाईंनी गोधडी सोडून तसबीर पाटावर ठेवली. मीही ती तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. त्या कातळावर किसनराव उभे होते, पांढरं धोतर, टोपी, चेहऱ्यावर डावीकडून आलेलं ऊन. शेजारी आक्का, त्यांच्याही चेहऱ्यावर डावीकडून तेच ऊन. मागे समुद्र. दोघं आत्ताच गाडीतून उतरून पाण्यापाशी आल्यासारखे. कुठे जोड नाही.

आक्का खाली बसल्या. पदराने तोंड पुसून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. आधी चेहरा, मग पाणी, मग नजर खाली गेली आणि तिथेच थांबली.

"गफूरभाऊ, पाय ह्यांचे न्हाईत."

कशालाही उत्तर असणारा तो माणूस गोधडीची घडी घालायला लागला.

"चाळीस वर्सं त्या पायांवर पानी घातलंय मी, रानातून आले की," आक्का म्हणाल्या. "त्यांचं करंगळीचं बोट वाकडं व्हतं. टाचंला भेगा व्हत्या, बोट जाईल एवढ्या. हे शाळंतल्या मानसाचे पाय हैत."

"हाव, आक्का," गफूरभाई म्हणाले. "सरांचे हैत. त्यांच्या फोटोत चपला व्हत्या. चपला घालून पान्यात उभं करावं, असं माझं मन धजलं न्हाई. चुकलं माझं."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"अंगठ्यापाशी लाल दिसून राह्यलं. लागलं व्हतं का सर?"

"नाही, आक्का. विशेष काही नाही," मी म्हणालो.

त्या पुन्हा फोटोकडे वळल्या. चुलीवर काहीतरी उतू गेलं, त्यांनी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी तसबीर दोन्ही हातांनी उचलून गफूरभाईंच्या हातात दिली.

"लावा वर," त्या म्हणाल्या. "ते काय सोताच्या पायानं गेले नसते हे घर सोडून. हजार कामं निघाली असती. सरांच्या पायानं का व्हईना, गेले तं खरं. मलाबी घेऊन गेले."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

गफूरभाई स्टुलावर चढले. खिळा आधीच ठोकलेला होता. तसबीर टांगली, सरळ केली, आणि तिच्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून. चहा आला. माझा पिऊन झाला, त्यांचा निवून गेला. स्टूल डुगडुगत होतं, शेवटची जीप सुटायची वेळ होत आली होती, आणि हा माणूस खाली उतरेना.

"अहो गफूरभाई, उतरा ना आता!" मी ओरडलो. "आणखी किती वेळ?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एक हात तेवढा माझ्याकडे लांब केला.

"सर, डोळ्याला पानी आलंय," ते म्हणाले. "खालचं काई दिसंना. हात द्या."